दुसरी प्रत

उद्यमनगरात एकतीस वर्षं लेथ चालवली.
कुठला बोल्ट कुठल्या खणात, अंधारातही हात जायचा :
दोन सूत, तीन सूत, अर्धा इंच,
आणि सगळ्यात खाली एक पत्र्याचा डबा,
त्यावर खडूनं लिहिलेलं : असू दे, लागंल.
तोच आधी भरायचा.

आता शटर पोराच्या हातात
आणि माझ्यापुढं बेचाळीस हजार फाइली.
भाचीनं, मुक्तानं, दोन उन्हाळे बसून
कॅसेटी एकेक करून आत ओतल्या.
म्हणाली, मामा, टॅग तुम्ही लावा.

यंत्र विचारतं : प्रकार?
मी लिहितो : शास्त्रीय. थोडं थांबून खोडतो.
यंत्र विचारतं : वर्ष?
रंकाळा जलपर्णीनं हिरवागार झालेला,
ते वर्ष. पण चौकटीला चारच आकडे हवेत.

मग माझे मीच रकाने पाडले.
'रात्रपाळी'.
'वीज गेली, इथं तुटलंय'.
'मागं कुकरची शिट्टी' : यात अकरा निघाली,
त्यातले सात भीमपलास.
'नुसता तंबोरा जुळवणं' : बत्तीस मिनिटं,
पुढं कुणी गायलंच नाही.
'हिला आवडतं'.
'हिला आवडत नाही, तरी लावतो'.
'लांबून ऐकायचं' : महाद्वार रोडवरचा बेंजो,
जवळ गेलं की नुसताच गोंगाट.
'भंडारा लागलेलं' : पट्टणकोडोलीचे ढोल,
कॅसेटच्या चाकात हळद अजून आहे,
फाइलीत ती आली नाही,
म्हणून शब्दात लिहून ठेवली.

मुक्ता हसते. एवढ्या टॅगांतनं शोधणार कसं?
म्हटलं, पेठेत घर शोधतात तसं.
गल्लीत शिरायचं, विचारत जायचं.

शुक्रवार पेठेत दिलावर शिकलगार
कॅसेट भरून द्यायचा.
यादी द्यायची, चार दिवसांनी जायचं.
निम्मी बाजू माझ्या यादीतली,
निम्मी त्याच्या मनाची.
"तुला काय कळतंय लगा, हे ऐक."
खरंच कळत नव्हतं.
बटण दाबलं की आधी तो खोकायचा,
कोरडा, तंबाखूचा, दोन ठोक्यांचा खोकला,
आणि त्यानंतर सूर.

पुराचं पाणी वरच्या फळीला लागलं.
ओसरल्यावर त्यानं फिती दोरीवर वाळत घातल्या,
काळ्या शेवयांसारख्या, भिंतीपासून भिंतीपर्यंत.
वाळल्या. वाजल्या नाहीत.
पुढच्या पावसाळ्याला तो नव्हता.

काल रात्री यंत्र म्हणालं :
हे एकच गाणं दोनदा आहे. एक प्रत काढू?
पहिली स्वच्छ, कुठूनशी उतरवलेली, खरखर नाही.
दुसरीत खोकला, मग ललत.
यंत्राचं चुकलं नव्हतं.
दोन सारखे जॉब, एकाला बर राहिलेली,
बरवाला भंगारात, मीही तेच केलं असतं.

मी स्वच्छ प्रत काढून टाकली.
दोन वाजता उठलो, कचऱ्यातनं परत आणली,
कारण खर्ज त्याच प्रतीत नीट लागतो
आणि खर्ज ऐकायला त्यानंच शिकवलेलं.

दुसऱ्या प्रतीत बाईचं नाव नव्हतं.
तो नावं लिहायचाच नाही, म्हणायचा, ऐकून ओळख.
मला अजून ओळखता आलेली नाही.
कलाकार : अज्ञात, असं आलं होतं.
ते राहू दिलं, पुढं स्वल्पविराम दिला
आणि लिहिलं : दिलावर शिकलगार.

सकाळी बघतो तर यंत्रानं आपणहून
त्याच्या नावाचा नवा खण पाडलेला.
आत एकच फाइल.
चहा घेतला, चष्मा पुसला.
सहाशे कॅसेटी आहेत अजून,
प्रत्येकीचे पहिले दोन सेकंद
कान लावून ऐकायचेत.